जुना फोन, ओबीडी डोंगल आणि बेळगावची वही: प्रकल्प नोंदी

१२ मे: फोनची निवड

उद्यमबागेजवळच्या, दोन गाड्या जेमतेम मावणाऱ्या गॅरेजसाठी स्कॅनर तयार करायचा आहे. साहित्य तीनच: पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन, गाडीच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचायची जागा) लागणारा ब्लूटूथ डोंगल आणि मल्टिमीटर. सगळं मिळून दोन हजार रुपयांच्या आत बसवायचं.

तीन फोन समोर आले. पहिला काचेवर उताणा ठेवून बोटाने फिरवला तर भोवऱ्यासारखा गरगरला. पाठ सपाट राहिलेली नाही, म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. असा फोन गाडीत ठेवायचा नाही आणि चार्जिंगलाही लावायचा नाही, तो बाद. दुसरा अँड्रॉइड ४.४ चा, त्यावर आजची बरीच अॅप्स चढत नाहीत. तिसरा घेतला: अँड्रॉइड ८, रॅम २ जीबी, कोपऱ्यात काच तडकलेली पण टच पूर्ण चालतो. आयफोन मुद्दाम टाळला. स्वस्त डोंगल जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात आणि ती जोडणी आयफोनवरच्या अॅप्सना मिळत नाही. त्याला वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथचा) डोंगल लागतो.

फोन फॅक्टरी रीसेट केला, सिम काढलं. आधी फ्लाइट मोड, मग फक्त ब्लूटूथ चालू. आपोआप होणारे अपडेट बंद. स्क्रीन बंद होण्याची वेळ ३० मिनिटं. टॉर्क, कार स्कॅनर आणि सिरियल ब्लूटूथ टर्मिनल ही तीन अॅप्स टाकली. इंटरनेटशिवाय आणि जाहिरातींशिवाय काम हवं असेल तर अँड्रओबीडी आहे. सेटिंगमधलं बॅटरी ऑप्टिमायझेशन या अॅप्सपुरतं काढून टाकलं. ते राहिलं तर स्क्रीन काळी होताच अँड्रॉइड अॅपला झोपवतो आणि चढावरची नोंद अर्ध्यात तुटते.

अडणारी जागा: अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये लोकेशनची परवानगी दिली नाही तर बऱ्याच अॅप्सना आसपासची ब्लूटूथ उपकरणं दिसतच नाहीत. डोंगल खराब आहे असं समजून तो परत करणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात.

१४ मे: दोन डोंगल, एक कामाचा

ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. बाजारात स्वस्तात मिळतात त्या जवळजवळ सगळ्या तिच्या नकला. त्यामुळे दोन वेगवेगळे डोंगल आणले आणि उघडून पाहिले. एकात दोन पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या, मोठी चिप पीआयसी१८एफ२५के८०. दुसऱ्यात एकच पट्टी आणि नाव खरवडलेली चिप. वेष्टनावर मात्र दुसऱ्याचाच आकडा मोठा: २.१.

फोनच्या सेटिंगमधून जोडणी केली. पिन १२३४, काहींना ०००० लागतो. मग टर्मिनल उघडून खालच्या आज्ञा दिल्या. इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप रोमन अक्षरांत करायच्या. शून्य आकड्याच्या जागी ‘ओ’ अक्षर पडलं तर उत्तर येत नाही.

एटीझेड: डोंगल नव्याने सुरू होतो, स्वतःचं नाव सांगतो.
एटीपीपीएस: आतल्या सेटिंगची यादी. पहिल्याने लांबलचक यादी दिली, दुसऱ्याने प्रश्नचिन्ह.
एटीएसपी०: गाडीची भाषा स्वतः शोध.
०१००: गाडीला पहिला प्रश्न.
एटीडीपी: कोणती भाषा सापडली ते सांग.

दुसरा डोंगल कॅनच्या (दोन तारांवरची नवी, वेगवान भाषा) गाडीवर बोलला, के-लाइनच्या (एका तारेवरची जुनी, संथ भाषा) गाडीवर गप्प. त्याच गाडीवर पहिल्याने उत्तर दिलं, म्हणजे गाडी ठीक आहे. दुसऱ्यावर लाल टेप गुंडाळून ‘फक्त कॅन’ असं लिहून ठेवलं. टाकून द्यायची गरज नाही, पण तो लावून गाडी बोलत नाही म्हणून ईसीयू (इंजिनचा संगणक) उघडायला जायचं नाही.

टर्मिनलवर थोडा वेळ घालवणं फार उपयोगाचं आहे. अॅपमधला काटा कुठून येतो ते इथे डोळ्यांनी दिसतं. ०१०सी विचारलं, उत्तर आलं ४१ ०सी १ए एफ८. शेवटच्या दोन जोड्या घ्यायच्या: १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६ अधिक २४८ म्हणजे ६९०४. भागिले ४, म्हणजे १७२६ आरपीएम. ०१०५ ला ४१ ०५ ७बी आलं: ७बी म्हणजे १२३, त्यातून ४० वजा, कूलंट ८३ अंश. हे ४० वजा करणं लक्षात ठेवा, पुढे ३ जूनच्या नोंदीत तेच कामाला आलं.

१५ मे: सॉकेट

डोंगल खुपसण्याआधी मल्टिमीटर. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर. १६ पिन: ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरीचा थेट प्लस, ६ आणि १४ कॅनच्या दोन तारा, ७ के-लाइन. १६ आणि ४ मध्ये बॅटरीइतकं व्होल्टेज दिसलं पाहिजे. नसेल तर आधी फ्यूज बघायचा. बऱ्याच गाड्यांत तो लायटर किंवा केबिनच्या दिव्याबरोबर सामायिक असतो. फोनचा चार्जर लायटरमध्ये घुसवताना तो फ्यूज उडालेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो.

कॅनच्या गाडीत बॅटरीची तार काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजायचे. दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास आले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. उंदराने कुरतडलेल्या वायरिंगमध्ये हे होतं, आणि उसाच्या शेताला लागून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराचं काम नेहमीचं.

१८ मे: कोणती गाडी बोलते

नेहमी येणाऱ्या सात गाड्या एका दिवसात लावून पाहिल्या. पाच कॅनवर, एक के-लाइनवर, एक जुनी पेट्रोल गाडी बोललीच नाही.

भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. २०१३ नंतरची गाडी या डोंगलने वाचता यायला हरकत नाही. २०१० ते १३ मधली वाचेलच असं नाही. त्याआधीच्या गाडीत सॉकेट १६ पिनचाच असला तरी आतली बोली कंपनीची स्वतःची असते. के-लाइन तीच, पण ईसीयूला जागं करण्याची पद्धत निराळी. अशा गाडीसाठी फोनच्या मागे तासभर घालवू नये. पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड काढायची जुनी पद्धत तिथे अजून चांगली.

के-लाइनचा वेग सेकंदाला फक्त १०,४०० बिट, कॅनचा ५ लाख. के-लाइनच्या गाडीवर स्क्रीनवर दहा काटे ठेवले तर प्रत्येक काटा काही सेकंदांनी हलतो आणि रेस दिल्यावर चुकीचं चित्र दिसतं. नियम ठरवला: एका वेळी चारच. आरपीएम, एमएपी (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब), आणि जे तपासायचं आहे त्यातले दोन.

२१ मे: ९२ का १०१

या प्रकल्पात सगळ्यात आधी भिंतीवर चिकटवायची गोष्ट हीच.

चावी ऑन, इंजिन बंद. इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ नाही, म्हणून एमएपी सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुस्तकात आणि व्हिडिओत तो १०० किंवा १०१ किलोपास्कल लिहिलेला असतो. तो समुद्रकाठचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथे ९२ ते ९३ हाच निरोगी आकडा. आजच्या पाच कॅन गाड्यांपैकी चार गाड्यांत ९२ किंवा ९३ आले. पाचवीत ८६ आले, आणि तीच गाडी आयडलिंगला थरथरते अशी तक्रार होती. सेन्सर बदलल्यावर ९२. पुस्तकाच्या भरवशावर पाचही सेन्सर खराब ठरले असते.

मोबाईलवरच्या हवामानाच्या अॅपशी ताडून बघण्यातही फसगत आहे. ते १००८ किंवा १०१० हेक्टोपास्कल दाखवतं, पण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब असतो, गॅरेजच्या दारातला नव्हे.

चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या गाडीवर ही तपासणी फुकटात पुन्हा करता येते. चालकाला एवढंच सांगायचं: साखळीला चहाला थांबलास की चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून स्क्रीनचा फोटो काढ. तिथे आकडा १०० च्या आसपास यायला हवा. दोन्ही जागी बरोबर असेल तर सेन्सर दोन बिंदूंवर तपासला गेला.

त्याच दिवशी दोनशे पानी वही सुरू केली. गाडी बरी असताना तिचे आकडे लिहायचे: चावी ऑन एमएपी, इंजिन गरम असताना, एसी बंद आयडलिंगला एमएपी, कूलंट, दोन्ही फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के कमी-जास्त केलं), चार्जिंग व्होल्टेज. या गाड्यांत आयडलिंगचा एमएपी ३० ते ३६ मध्ये बसला. बिघाड झाल्यावर तुलना करायला हाच आधार, कारण इथल्या उंचीचे आकडे इथेच लिहावे लागतात.

२७ मे: व्होल्टेज

एटीआरव्ही दिलं की डोंगल सॉकेटवरचं व्होल्टेज सांगतो. मल्टिमीटर १२.४७ दाखवत होता, डोंगल ११.९. नकली चिपांत एवढा फरक नेहमीचा. दुरुस्ती सोपी: मल्टिमीटर सॉकेटच्या १६ आणि ४ वर धरून, तोच आकडा बिंदू न देता टाकायचा, एटीसीव्ही १२४७. पुन्हा एटीआरव्ही, १२.५. काही चुकलं तर एटीसीव्ही ०००० ने मूळपदावर येतं.

इंजिन चालू, हेडलाइट लावलेले: १३.८ ते १४.४ चांगलं. नव्या काही गाड्यांत ईसीयू स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे १२.६ दिसलं म्हणून अल्टरनेटर खोलू नये. ब्रेक दाबून किंवा उतारावर गाडी सोडून आकडा चढतो का ते आधी बघावं.

सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये हा नियम बरोबर, पण तो फोनवर तपासायचा नाही. पहिला खोल झोल क्षणाचा असतो आणि डोंगलचं पुढचं वाचन येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. त्यासाठी मिनिमम-मॅक्सिमम धरून ठेवणारा मल्टिमीटर थेट बॅटरीवर.

३ जून: उणे ४०

कणकुंबीच्या बाजूने येणारा छोटा मालवाहू टेम्पो. पाऊस सुरू होऊन आठवडा झालेला. सकाळी लवकर चालू होत नाही, काळा धूर, पिवळा दिवा. कोड पी०११३, म्हणजे इनटेक हवेच्या तापमानाच्या सर्किटमध्ये सिग्नल वर गेलेला. फोनवर थेट आकडा पाहिला: उणे ४०.

खानापूर तालुक्यात उणे ४० कधी होणार नाही. हा आकडा म्हणजे ईसीयूने अॅपला शून्य पाठवलं आणि त्यातून ४० वजा झाले. सर्किट उघडं आहे. आता सेन्सर खराब, वायर तुटली की ईसीयू, हे पैसे न घालता ठरवायचं.

सेन्सरचा कपलर काढला. आकडा उणे ४० च राहिला, अपेक्षेप्रमाणे. मग कपलरच्या दोन पिनांमध्ये पेपरक्लिप वाकवून घातली. आकडा एकदम १३० च्या वर. म्हणजे ईसीयूपासून कपलरपर्यंत दोन्ही तारा शाबूत आहेत आणि ईसीयूही. राहिला सेन्सर किंवा कपलरचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर. टॉर्च आणि भिंग घेऊन पाहिलं: एका पिनेवर हिरवट पावडर, आणि मादी पिनेचा पितळी ओठ फाकलेला. क्लिप त्याला टेकत होती, सेन्सरची पिन टेकत नव्हती.

कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलं, फाकलेला ओठ सुईने आत दाबला, पिन आत-बाहेर करून पकड बसते का ते पाहिलं, कपलरच्या रबराला आणि पिनांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. व्हॅसलीन चोपडू नये. रबरी सील फुगवून सैल करतं आणि पुढच्या पावसात पाणी आत. आकडा २४ अंश, बाहेरच्या हवेइतकाच.

पेपरक्लिपची युक्ती दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच. एमएपी किंवा थ्रॉटल पोझिशनसारख्या तीन तारांच्या सेन्सरवर चुकून ५ व्होल्टची तार अर्थला टेकली तर त्याच पुरवठ्यावर चालणारे बाकीचे सेन्सरही पडतात आणि एकाच्या जागी चार कोड उभे राहतात.

१२ जून: पी०१७१ आणि वंटमुरीचा चढ

१.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल, बीएस४. चालकाचे शब्द: “सपाटीला बरी आहे, वंटमुरीच्या चढाला गाडी दम टाकते.” कोड पी०१७१, मिश्रण पातळ. दुसरीकडे पंप बदला म्हणून आधीच सांगितलं गेलं होतं.

पातळ म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. यातलं कोणतं, ते फ्युएल ट्रिम सांगतं. दोन आकडे असतात, शॉर्ट आणि लाँग. त्यांची बेरीज बघायची. उणे १० ते अधिक १० टक्के ठीक. अधिक म्हणजे ईसीयू जास्त पेट्रोल घालून सावरतोय.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बाहेरच्या बहुतेक व्हिडिओंत ती निसटते. आयडलिंगला ट्रिम फार वर आणि २५०० आरपीएमला खाली आला तर मॅनिफोल्डला गळती, असं शिकवतात. हे एमएएफ सेन्सरच्या गाडीला लागू. तिथे हवा मोजली जाते फिल्टरजवळ, आणि त्यानंतर चोरून आत आलेली हवा ईसीयूला कळत नाही. आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाड्यांपैकी पुष्कळ एमएपीवर चालतात. तिथे चोरून आलेली हवाही मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयूला ती दिसते आणि तो त्या प्रमाणात पेट्रोल घालतो. म्हणून अशा गाडीत गळती असली तरी ट्रिम फारसा हलत नाही. उलट आयडलिंग चढलेलं राहतं आणि एमएपी ४० च्या पुढे दिसतो. तेव्हा आधी गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा, मग ट्रिमचा अर्थ लावा.

या गाडीत एमएपी. चावी ऑन ९२, म्हणजे सेन्सर बरा. गरम आयडलिंगला ३२, वहीतल्या तशाच गाडीइतका, म्हणजे गळती नाही. ट्रिमची बेरीज: आयडलिंगला अधिक ६, उभ्या गाडीत २५०० ला अधिक १२. मग वंटमुरीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने, वेग एकसारखा ठेवून: अधिक २३. थ्रॉटल पूर्ण दाबायचा नाही. पूर्ण दाबला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ट्रिम अडकून बसतो. चालवणारा एक, फोन बघणारा दुसरा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

भार वाढला की पातळपणा वाढतो, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. इथे फोनचं काम संपलं. पेट्रोलच्या दाबाचा गेज लावला: आयडलिंगला २.८ बार, झटक्यात रेस दिली की २.२ पर्यंत घसरण. या गाडीला ३ हवेत. पंप, जाळी, की पंपाला मिळणारा करंट?

मागच्या सीटखाली पंपाच्या कपलरवर, तो जोडलेला असतानाच, मागून मल्टिमीटरच्या बारीक पिना सारून पंप चालू असताना व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १४.१, पंपावर १२.२. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत हरवले. प्लसच्या बाजूला ०.२ ची घट, अर्थच्या बाजूला १.७. सीटखालचा अर्थचा बोल्ट गंजलेला, टर्मिनलखाली रंग आणि गंज यांचा पापुद्रा. घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस.

पंपावर १३.८. गेजवर ३.०, रेस दिल्यावरही २.९. त्याच चढाला ट्रिम अधिक ९. दोन दिवस गाडी चालल्यावर अधिक ४. पंप जुनाच आहे.

२० जून: कोड पुसण्याआधी

तीन गाड्या अशा आल्या की आधीच कुणीतरी कोड पुसलेले. ०४ ही आज्ञा कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसते. म्हणजे बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती, वेग किती, हा सगळा पुरावा जातो. शिवाय ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस म्हणतात, त्या शून्यावर येतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारे काही दिवस गाडी चालवावी लागते.

म्हणून क्रम ठरला: ०३ पक्के कोड, ०७ पिकत असलेले कोड, मग फ्रीझ फ्रेम. तिन्हींचे स्क्रीनशॉट. वहीत गाडीच्या पानावर नोंद. दुरुस्ती. त्यानंतरच ०४. ही सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये छापून, लॅमिनेट करून फोनच्या डबीत ठेवली. गॅरेजमधली निम्मी मुलं कन्नड शाळेतून आलेली आहेत आणि सूचना ज्याच्या हातात फोन आहे त्याला वाचता यायला हवी.

आणखी एक कोड, पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही), नोंदवून ठेवतो: महामार्गावर कूलंट ६८ च्या वर जाईना. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, कुणीतरी ‘गाडी थंड राहते’ म्हणून तसाच ठेवलेला. अॅव्हरेज त्यातच जात होतं. बदलल्यावर ८७ वर स्थिर.

२ जुलै: डिझेल

कॉमन रेलच्या गाडीत रेल प्रेशर फोनवर दिसतं, बहुधा किलोपास्कलमध्ये. १०० ने भागलं की बार. आयडलिंगला साधारण २५० ते ३५०. सेल्फ मारताना दाब वर चढतच नसेल तर बॅटरी आणि ग्लो प्लगमध्ये वेळ घालवू नका, आधी डिझेल फिल्टर, पाणी आणि हवा ओढणारे जोड बघा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असतो. त्याचा कोड फोनवर वाचता येतो, पण फिल्टर जबरदस्तीने जाळण्याचा आदेश या साध्या अॅप्समधून सहसा देता येत नाही. ती गाडी ज्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे त्याच्याकडे पाठवावी, आणि पाठवण्याआधी इंजिन ऑइलची पातळी बघून लिहावी. खूण ओलांडून वर गेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरलंय.

१० जुलै: थरथर मोजणं

इथे डोंगल लागत नाही, फोनमधला अॅक्सिलरोमीटर पुरतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अॅप आहे. त्यात कंपनांचा स्पेक्ट्रम दिसतो. फोन सीटच्या लोखंडी रुळाशेजारी दुहेरी टेपने घट्ट चिकटवायचा. हातात किंवा सीटवर ठेवला तर फोम सगळं गिळतो.

हिशेब आधी कागदावर. १७५/६५ आर १४ टायरचा व्यास ५८३ मिलिमीटर, परीघ १.८३ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला १२ फेरे. १२ हर्ट्झला शेंडा आला तर चाकाचा बॅलन्स, २४ ला आला तर टायर लंबगोल झालाय. त्याच वेळी इंजिन २४०० वर असेल तर त्याच्या फेऱ्यांचा शेंडा ४० हर्ट्झला. खात्री करायला त्याच वेगात गिअर बदलायचा: इंजिनचा शेंडा सरकतो, चाकाचा जागचा हलत नाही. महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर तीन गाड्यांवर केलं. दोन चाकं, एक इंजिन माउंटिंग.

२२ जुलै: कॅमेरा

५.५ मिलिमीटरचा यूएसबी एंडोस्कोप ओटीजी केबलने त्याच फोनला. प्लगच्या १४ मिलिमीटरच्या भोकातून पिस्टनचा माथा, सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे, हेडमधून झिरपलेल्या पाण्याने धुवून निघालेला चकचकीत पिस्टन, हे सगळं हेड न उघडता दिसतं. चावी काढून खिशात ठेवायची, इंजिन थंड असायला हवं. भिंतीच्या फार जवळ नेला तर चित्र धूसर होतं, दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्यायचा. मायक्रो यूएसबीच्या फोनमध्ये ओटीजी लावलं की चार्जिंग होत नाही, म्हणून आधी बॅटरी भरून घ्या.

५ ऑगस्ट: अडकवून ठेवलेला डोंगल

सात गाड्यांपैकी एक अकरा दिवस उभी होती. डोंगल सॉकेटमध्येच राहिलेला. बॅटरी साफ उतरली.

१६ नंबरची पिन चावी बंद असतानाही जिवंत असते. डोंगलचा करंट मोजला: ४५ मिलिअँपिअर. गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म वगैरे २५. मिळून ७०. दिवसाला १.६८ अँपिअर-तास, अकरा दिवसांत साडेअठरा. ३५ अँपिअर-तासाच्या, तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीला एवढं पुष्कळ झालं.

उपाय: सॉकेटची नर-मादी एक्स्टेंशन केबल घेतली. कंटिन्युइटी लावून १६ ची तार शोधली. रंगावर विसंबू नये, प्रत्येक केबलीत रंग वेगळे. फक्त तीच तार कापून मध्ये १ अँपिअरचा फ्यूज आणि छोटा रॉकर स्विच, जोडांवर हीट श्रिंक. अर्थच्या तारांना हात लावायचा नाही. केबलला पिवळी फीत बांधून तिचं दुसरं टोक गाडीच्या चावीला अडकवायचं, म्हणजे चावी घेताना डोंगल आठवतो.

१४ ऑगस्ट: दुसरा संच

खानापूरच्या गॅरेजसाठी दुसरा संच बांधला. फोन काचेवर फिरवून पाहिला, फिरला नाही. डोंगल घेताना दुकानातच एटीपीपीएस देऊन तपासला. प्रश्नचिन्ह देणारे दोन परत ठेवले, तिसरा घेतला. स्विचची केबल, लॅमिनेट केलेलं कार्ड, सिलिकॉन ग्रीस, पेपरक्लिपा, भिंग. फोन ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये चार्ज ठेवायचा, पत्र्याखाली किंवा डॅशबोर्डवर नाही, लाकडी खणात.

वहीची पहिली अकरा पानं झेरॉक्स करून डब्यात घातली. खानापूरला पहिल्या दिवशी चार गाड्यांवर चावी ऑन एमएपी घेऊन तिथला आकडा कार्डावरच्या मोकळ्या चौकटीत पेनने भरायचा आहे. ती चौकट रिकामी असेपर्यंत एमएपी सेन्सर बदलायचा नाही.